दुकानाआधी बांधावर बघा

जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचं ठरवलं आणि वाद पेटला. एक बाजू म्हणाली, वाइन म्हणजे दारू नव्हे, आणि यात द्राक्षबागायतदाराचं भलं आहे. दुसरीला घराघरात दारू शिरण्याची धास्ती. दक्षिण फ्रान्समधून बघताना वाटतं, ‘दारू नव्हे’ हे तरी सोडून द्यावं. इथल्या शातोनफ-द्यु-पाप या गावच्या वाइनमध्ये किमान साडेबारा टक्के अल्कोहोल असावंच लागतं. १९९१च्या कायद्याने दारूच्या जाहिरातींवर बंधनं आणली, तेव्हा वाइनलाही त्यातून वगळलं नाही.

भल्याचा मुद्दा खरा आहे, पण तो दुकानात सुटत नाही. फ्रान्समध्ये घरी नेली जाणारी बहुतेक वाइन सुपरमार्केटातूनच जाते. तरीही ज्या बोर्दो प्रांताचं नाव आपल्या बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला आहे, तिथे २०२३मध्ये बागा उपटायला हेक्टरी ६,००० युरो देऊ केले गेले. लाल वाइन पिणंच कमी होत चाललंय.

इथल्या शेतकऱ्याला हात दिला तो एका कागदाने. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड अमेरिकेतून आली आणि बागा वाळल्या. या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं बांधून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पण तोवर मनुक्यांची आणि साखरपाण्याची ‘वाइन’ बाजारात रुळली होती. भाव कोसळले. ९ जून १९०७ला दक्षिणेतल्या मोंपेलिये शहरात लाखो लोक निषेधाला जमले. त्याच महिन्यात जवळच्या नार्बोन शहरात सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. २९ जूनला कायदा आला: लागवड किती, यंदाची वाइन किती, जुना साठा किती, हे प्रत्येक बागायतदाराने दरवर्षी गावच्या कचेरीत लिहून द्यायचं. शिवाय साखरेवर जादा कर. लिटरभर रसात सतरा ग्रॅम साखर घातली की एक टक्का अल्कोहोल वाढतं, म्हणून साखरेवर नजर ठेवणं गरजेचं होतं.

उत्पादनाला मर्यादाही आहे. शातोनफमध्ये हेक्टरी ३५ हेक्टोलिटर (३,५०० लिटर) वाइन, म्हणजे एकरी जेमतेम दोन टन द्राक्षं. खायच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढणाऱ्या नाशिककराला हे फारच थोडं वाटेल. ग्रेनाश या इथल्या लाल द्राक्षाचा वेल बुटका ठेवतात आणि छाटताना फांदीच्या प्रत्येक खुंटीवर दोनच डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, राखतात. जास्त राखले तर घड वाढतात, पानं पुरत नाहीत, साखर उशिरा भरते आणि रंग फिका पडतो. छाटणी मार्चपर्यंत लांबवली की डोळे उशिरा फुटतात आणि एप्रिलच्या हिमकडाक्यातून वाचण्याची शक्यता वाढते. ओल्या हवेत मात्र कात्री लावू नये. जखमेतून बुरशी शिरते आणि काही वर्षांनी भर उन्हाळ्यात उभा वेल वाळतो.

हे आकडे नाशिकला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन कराव्या लागतात. तो कागद मात्र उचलता येईल: कुठल्या गावची द्राक्षं, किती टन, त्यातून किती लिटर, सगळं जाहीर. आणि वायनरीचा लेखी भाव फळछाटणीच्या आधी हातात हवा. घड किती ठेवायचे याचा हिशेब शेतकरी तिथूनच मांडायला लागतो. काढणीच्या तोंडावर ठरलेला भाव त्याला काय कामाचा?