फ्लूला सलाईन नको, सुट्टी द्या

सध्या घरोघरी एकेक जण तापाने आडवा झालाय आणि दवाखान्यात गेलं की एकच आग्रह कानावर येतो. "डॉक्टर, एक सलाईन लावा, उद्या ड्युटीवर जायचंय."

मला याची खरंच काळजी वाटते. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, एवढंच. उलट्या थांबत नसतील, पोटात घोटभर पाणीही ठरत नसेल, तर तिचा उपयोग आहे. ज्याला पेज पिता येते त्याने हातात सुई टोचून का घ्यायची?

तीच गत अँटिबायोटिकची. मेडिकलच्या काउंटरवर "तीन गोळ्यांचा कोर्स द्या" म्हटलं की अझिथ्रोमायसिन हातात पडतं. फ्लू विषाणूचा, ही गोळी जिवाणूंवरची. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ हा फ्लूचा प्रकार जोरात होता तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने जाहीर सांगितलं होतं की ताप साधारण तीन दिवसांत जातो, खोकला तीन आठवडेही रेंगाळतो, उगाच अँटिबायोटिक देऊ नका. खोकला राहिला म्हणून दुसरा कोर्स, मग तिसरा, हे आता तरी थांबवूया.

फ्लूच्या विषाणूवरचं औषध आहे, ओसेल्टामिवीर. २००९ च्या स्वाइन फ्लूत पुणेकरांना ते टॅमिफ्लू नावाने पाठ झालं होतं. पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा जास्त फायदा. म्हणून गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमा किंवा मधुमेह असलेले यांनी घरी वाट बघत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा. बाकीच्यांना तापाला पॅरासिटामॉल पुरतं. मात्र सर्दीच्या गोळीतही बरेचदा तेच असतं, पाकीट वाचा, नाहीतर डोस दुप्पट होतो. आणि पावसाळ्यात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नकोच.

घरच्या उपायांवर माझा जीव आहे. गवती चहा-आल्याचा कढत चहा, मऊ भातावर मेतकूट आणि तूप, कडेला लिंबाचं जुनं लोणचं. तोंडाची चव गेलेल्या माणसाच्याही पोटात चार घास जातात. काढ्याने विषाणू मरत नाही, पण घसा शेकतो, पाणी पोटात जातं, हेही थोडं नाही. लहान मुलांना मात्र उकळत्या पातेल्यासमोर वाफेला बसवू नका. पातेलं कलंडून पोरं भाजतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, धाप लागली, ओठ निळसर दिसले, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर थेट हॉस्पिटल.

या सगळ्यापेक्षा जास्त लागते ती विश्रांती, आणि तीच आपण देत नाही. नवऱ्याला ऑफिसातून सिक लीव्ह मिळते. बायको घामाने भिजलेला गाऊन बदलते आणि ओट्याला एक हात टेकून कणीक मळायला उभी राहते. पुढे दोन आठवडे जिना चढताना दम लागतो, तेव्हा "अशक्तपणा आहे गं" म्हणत टॉनिकची बाटली आणली जाते. बाटली नको. पोळ्या बाहेरून आणा, भांडी तुम्ही घासा, तिला झोपू द्या.

धुणीभांडी करायला येणाऱ्या ताई तापात का येतात? खाडा झाला की पैसे कापले जातात म्हणून. त्यांना या आठवड्यात भरपगारी सुट्टी द्या आणि तसं आजच फोन करून सांगा, म्हणजे उद्या त्या अंगात ताप घेऊन निघणार नाहीत.