कापूस यवतमाळचा, माग इचलकरंजीचे

आमच्या विदर्भातले लोक आळशी म्हणून मागे राहिले आणि पश्चिम महाराष्ट्रातले कष्टाळू म्हणून पुढे गेले, हे पुण्यात इतक्यांदा ऐकलंय की आता वैताग येतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत वखरणी करणारा माणूस आळशी, बरं! आणि कष्टाचंच म्हणाल तर तुमचा ऊस तोडतं कोण? मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन पोराबाळांसकट आलेल्या बीडच्या टोळ्या. त्यांच्याकडे का नाही आले बंगले?

माझ्या मते पिकावर प्रक्रिया कुठे होते आणि ती कोणाच्या मालकीची, यावर बरंच ठरतं. ऊस तोडला की लगेच गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजन घटतं, साखर उतरते, म्हणजे कारखाना शेताजवळच हवा, मुंबईत टाकून चालतच नाही. त्यात १९५० च्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, शेतकरीच सभासद, मग पैसा तिथेच फिरला, मागोमाग बँका आल्या, कॉलेजं आली, आणि (हे फारसं कोणी बोलत नाही) आमदारकीही तिथेच राहिली.

कापसाचं उलटं. सरकी काढली, गाठ बांधली की ती महिनोन्महिने टिकते, कुठेही जाते. इंग्रजांनी यवतमाळ-मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वे आणली ती काय आमच्या हौसेसाठी? गाठी मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला न्यायला. आजही कापूस आमचा, माग मात्र इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात. १९७२ ला एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारच घेणार, भावाची हमी मिळाली, पण शेतकरी विकणाराच राहिला, मालक नाही झाला.

पाणी हा मुद्दा आहेच, नाकारत नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचनाचा अनुशेष, म्हणजे कोणता भाग किती मागे पडला ते, मोजून दाखवला, विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं आणि तीस वर्षं उलटून गेली तरी कालव्यांची कामं चालूच. पण नुसत्या पाण्याने भागत असतं तर भंडारा-गोंदियाला पाऊसही भरपूर आणि मालगुजारांनी बांधलेले जुने मालगुजारी तलावही आहेत की, तरी तिथली पोरं कामाला नागपूर-पुणंच गाठतात.

उलट दुष्काळी लातूर बघा, तिथे तेलाचे प्लांट आहेत म्हणून आमच्याकडचा शेतकरीही सोयाबीन विकताना आधी लातूरचा रेट विचारतो. आणि हो, आमच्याकडेही सहकारी सूतगिरण्या निघाल्या होत्या, बऱ्याच बंद पडल्या, त्याचा दोष मात्र पुण्या-मुंबईवर ढकलू नका, त्या आपल्याच पुढाऱ्यांनी खाल्ल्या.