आठ हजारच चालली, भाऊ!

सेकंडहँड स्पोर्ट्स कार विकणारा कोणीही असो, वाक्य ठरलेलं: 'भाऊ, आठ हजार किलोमीटरच चालली आहे, नवीच समजा!' अरे बापा, २०१६ ची मस्टँग आठ हजारच चालली, म्हणजे बाकीची सगळी वर्षं ती उभी होती. आणि कुठं? नागपुरात! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथं, पत्र्याच्या शेडखाली.

टायरच्या बाजूवर कारखान्याचे चार आकडे असतात. २२१६ म्हणजे टायर बनला २०१६ च्या बाविसाव्या आठवड्यात. नक्षी शाबूत, पण रबर पापडासारखं कडक. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ४०० च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि हे टायर घेऊन वर्धा रोडवर सुटायचं? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, गाडी उभी असली तरी. दर दोनेक वर्षांनी बदलावं लागतं. पण इथे उत्तर तयार: 'चाललीच कुठं, सर्व्हिसिंग कशाला?' म्हणजे हा गाडीचा गुण, आणि त्याचे पैसे वेगळे!

सर्व्हिस बुक मागा, ते 'घरी' असतं. कायम घरीच. विमा संपलेला, पीयूसीचं तर नावच नको. कधीकधी ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत असतं आणि मीटर तरीही आठ हजारच सांगतं. वा!

परवा एकाला म्हटलं, जरा लिफ्टवर चढवून दाखवा. तर म्हणे, 'धुऊन-पुसून चकाचक केली ना भाऊ, खालून काय पाहता!'