सूचना: वार्षिक सर्वसाधार?? सभा

२०४ च्या काकू दारात उभ्या होत्या. मोबाईल दोन बोटांत, अंगापासून लांब धरलेला, मेलेली पाल बाहेर टाकायला न्यावी तसा.

"बघ रे जरा. सोसायटीकडून व्हायरस आलाय. मी हात लावलेला नाही."

व्हायरस नव्हता. आमच्या नव्या सेक्रेटरीने यंदा वार्षिक सभेची सूचना कॅलेंडर इन्व्हाइट करून ईमेलवर पाठवली होती. काकूंच्या मोबाईलवर ती 'विनमेल डॉट डॅट' नावाचं गाठोडं होऊन मेलच्या तळाशी पडली होती. दाबलं की मोबाईल म्हणे, हे उघडणारं ॲप नाही.

मी कॉमर्सचा माणूस. पण मागे एकदा १०३ च्या काकांचा प्रिंटर मी चालू करून दिला (प्लग निघाला होता), तेव्हापासून छत्तीस फ्लॅटच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी कॉम्प्युटरवाला आहे.

आमची जुनी पद्धत साधी होती. लिफ्टशेजारच्या बोर्डावर सेलोटेपने कागद. वॉचमन वही घेऊन दारोदार. आपण सही करायची आणि कशावर केली ते विसरून जायचं. सेक्रेटरी म्हणजे ३०१, वय एकतीस, मला म्हणाला, "दादा, कागद वाचेल. शिवाय कोण येणार ते आधीच कळेल." सोसायटीच्या मीटिंगला कोण येणार हे आधी कळू शकतं असं ज्याला वाटतं, त्याला सेक्रेटरी करणं ही चूक आमची.

विनमेलची भानगड अशी. काही मेल प्रोग्रॅम निरोप पाठवताना आपल्याच गोतावळ्याला कळेल अशा गुंडाळीत बांधतात. टीएनईएफ म्हणतात तिला. समोरचा प्रोग्रॅम गोतावळ्यातला असला तर गाठ सुटते, नसला तर त्याच्या हाती नुसतं गाठोडं. ३०१ ने ऑफिसच्या सवयीने मेल धाडला होता. नऊ घरांत गाठोडी पोचली. १०३ च्या काकांनी त्यांचं पेन ड्राइव्हवर घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेलं, "याची प्रिंट काढ" म्हणून. त्याने काढली. चौदा पानं. काका ती अजून दाखवतात.

मग ३०१ ने शहाणपण केलं. कुठल्याशा वेबसाइटवर आयसीएस, म्हणजे कॅलेंडरची, फाइल तयार केली आणि साध्या मेलला जोडून सगळ्यांना पुन्हा पाठवली. आता गाठोडं नव्हतं, पण बटणंही नव्हती. इन्व्हाइट मेलच्या पोटात 'मी कॅलेंडर आहे आणि विनंती घेऊन आलोय' असं सांगत यावं लागतं, तरच समोरचा प्रोग्रॅम 'येणार, नाही, कदाचित' अशी बटणं काढतो. नुसतं शेपटीला बांधून पाठवलं तर तो म्हणतो, असेल काहीतरी, राहू दे तळाशी.

बटणांबद्दल मला आदर आहे. ज्या नियमावलीवर हे सगळं चालतं ती १९९८ ची, आरएफसी २४४५. २००९ साली तिची सुधारून ५५४५ झाली. तीत निमंत्रिताच्या अवस्था दिल्यात: येणार, नाही येणार, कदाचित, माझ्याऐवजी दुसरा येईल, आणि अजून काहीच कळवलेलं नाही. ती लिहिणाऱ्यांनी आमची सोसायटी पाहिली नव्हती यावर माझा विश्वास नाही. 'कदाचित' म्हणजे आपलं "बघू". 'माझ्याऐवजी दुसरा' म्हणजे ४०१, जे दर वर्षी सासऱ्यांना पाठवतात आणि सासरे पार्किंगवर बोलतात, स्वतःची गाडी नसताना. आणि 'अजून काहीच नाही' ही अवस्था आमच्याकडे छत्तीसपैकी तीस जणांची, कायमची.

तर दुसरा मेल आला आणि काकूही परत आल्या. "अरे, मीटिंग रात्री साडेअकराला आहे का?"

कॅलेंडरात खरंच रात्रीचे साडेअकरा. खाली सभेचं नावही विचित्र दिसत होतं: 'सूचना: वार्षिक सर्वसाधार?? सभा'. 'ण' गेलेला, त्याच्या जागी काळ्या चौकटीतली दोन प्रश्नचिन्हं.

मग मी ते केलं जे करू नये. फाइल नोटपॅडमध्ये उघडली.

आत साधी अक्षरं असतात, कुणालाही वाचता येतील अशी. वर 'बिगिन व्हीकॅलेंडर', खाली 'एंड व्हीकॅलेंडर', मध्ये 'डीटीस्टार्ट' आणि त्यापुढे वर्ष, महिना, तारीख सगळं एकाला एक चिकटवून, मग १८००००, आणि शेवटी एक झेड. त्या झेडने आमचा घात केला. झेड म्हणजे ही वेळ जागतिक प्रमाणवेळेतली. संध्याकाळी सहा खरे, पण ग्रिनिचच्या घड्याळातले. त्यात आपले साडेपाच तास मिळवा. साडेअकरा. ३०१ ने वेबसाइटवर सहा टाकले होते, टाइमझोन निवडायचा राहिला होता.

'ण' चा शोध लावायला मला अर्धी रात्र लागली, पण लागला. या फाइलीत एक ओळ ७५ ऑक्टेटांपेक्षा, म्हणजे बाइटांपेक्षा, लांब नसावी असा दंडक आहे. रोमन अक्षराला एक ऑक्टेट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन, मात्रेला तीन, आणि 'र्व' लिहिताना ज्या हलंताने र चा पाय मोडतो त्यालाही तीन. म्हणजे न उच्चारायची किंमत उच्चाराएवढीच. मी वहीत मांडून मोजलं. सभेच्या नावाआधी रोमन लिपीत येणारं 'समरी' आणि कोलन आठ, 'सूचना' पंधरा, असं करत 'सर्वसाधार' पर्यंत चौऱ्याहत्तर होतात. उरला एक. त्या एकात 'ण' चा पहिला तुकडा बसला, उरलेले दोन खालच्या ओळीवर गेले. नीट लिहिलेला प्रोग्रॅम ओळी आधी सांधतो, मग अक्षरं वाचतो. काकूंचा आधी वाचतो. मला इतका आनंद झाला की बायकोला उठवून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. कूस बदलून.

सकाळी ३०१ ला झेड दाखवला. त्याने दुपारी तिसरं इन्व्हाइट पाठवलं, वेळ सहा, अगदी बरोबर. फक्त ते त्याने नवं बनवलं. प्रत्येक कार्यक्रमाला एक यूआयडी असतो, आपल्या आधार नंबरासारखा. दुरुस्ती करायची तर यूआयडी तोच ठेवून दुरुस्तीचा क्रमांक वाढवायचा. यूआयडी बदलला की कॅलेंडरच्या लेखी ती वेगळी सभा. आता प्रत्येकाच्या मोबाईलवर एकाच दिवशी दोन सभा.

"दादा, एक कॅन्सल करतो," तो म्हणाला.

त्याने केली. सहाची.

४०२ चे काका सहकार खात्यातून रिटायर्ड. ते उपविधी घेऊनच वर आले. "सर्वसाधारण सभेला पूर्ण चौदा दिवसांची मुदत लागते. ती कुठल्या इन्व्हाइटपासून मोजायची? गाठोड्यापासून, झेडपासून, की रद्द केलेल्यापासून?" ३०१ ने माझ्याकडे पाहिलं. मी वॉचमनकडे. वॉचमनने न बोलता ड्रॉवरमधून कागद काढला. पहिल्याच दिवशी त्याने आपल्या अकलेने बोर्डावर सूचना लावली होती आणि वहीत छत्तीस सह्या घेतल्या होत्या. त्यात माझीही होती. मला आठवत नव्हती.

रविवारी दुपारी एकला ४०२ चे काका एकटेच पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले दिसले. मुलगा शिकागोला असतो, गेल्या दिवाळीत येऊन त्याने लॅपटॉप नीट करून दिला, आणि घड्याळ तिकडचंच राहिलं. झेडचे अठरा म्हणजे शिकागोत दुपारचा एक. "इतरांचं काय ते इतर बघतील, माझ्याकडे एक लिहिलंय," काका म्हणाले. त्यांना चहा नेऊन दिला.

सहाला आम्ही चौघं. कोरम वीसचा. नियमाप्रमाणे सभा अर्ध्या तासाने तहकूब झाली, तहकूब सभेला कोरम लागत नाही. साडेसहाला नऊ जण जमले, हिशेब मंजूर झाला, ४०१ चे सासरे पार्किंगवर बोलले. आठला संपलं.

रात्री सव्वाअकराला मी झोपायच्या बेतात होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला. रद्द न झालेल्या सभेची आठवण, पंधरा मिनिटं आधी. पलीकडच्या भिंतीतूनही वाजला. मग वरून, खालून. ३०३ चं पोर रडायला लागलं, कुत्रा भुंकला, गॅलऱ्यांचे दिवे एकेक करून लागले. लोक कठड्यावर वाकून एकमेकांना विचारत होते, "पाणी गेलं का?" काही जण गाऊन-बर्मुड्यात जिन्यात आले, काही थेट पार्किंगमध्ये.

४०२ चे काका बनियनवर खाली उभे होते, टॉर्च प्रत्येकाच्या तोंडावर मारत, ओठांनी मोजत. एकविसावर थांबले. मग जिन्याकडे तोंड करून ओरडले, "३०१, वही आण!"