मॅच-केस म्हणजे नुसता स्विच नव्हे

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या नव्या सोयींवरचा तुमचा लेख आवडला. पण ३.१० आवृत्तीतल्या मॅच-केसला (आलेली किंमत एकेका ‘केस’शी ताडून पुढचं काम ठरवणारी रचना) तुम्ही ‘उशिरा आलेला स्विच’ म्हटलंय, म्हणजे इतर भाषांतल्या, किंमत नुसती ठरलेल्या पर्यायांशी जुळवणाऱ्या स्विचसारखीच, ते पटलं नाही. मीही तसंच समजून वापरायला घेतलं आणि पूर्ण दोन दिवस वाया गेले. फाइलमध्ये वर क्लोज्ड नावाचा स्थिरांक ३ ठेवला होता आणि शेवटच्या केसपुढे नुसतं क्लोज्ड लिहिलं. वाटलं, ३ आलं तरच आत शिरेल. प्रत्यक्षात ४ आलं तरी आत, ९ आलं तरी आत! केसपुढचं साधं नाव तुलना करतच नाही, समोर येईल ती किंमत स्वतःत भरून घेतं. हीच केस मधे असती तर सिंटॅक्स एरर (कोड लिहिण्याच्या नियमांची चूक) आली असती. शेवटची होती म्हणून सुटली. क्लोज्ड हे स्टेटस नावाच्या गटात ठेवून स्टेटस डॉट क्लोज्ड असं टिंब देऊन लिहिलं की मगच तुलना होते. नवशिक्यांसाठी एवढं तरी लेखात टाकाच.

खरी ताकद आहे ती डेटाचा आकार ओळखण्यात. एपीआयकडून (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून माहिती मागवायची सोय) आलेल्या डिक्शनरीत, म्हणजे ‘की’ (नाव) आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या संचात, टाइप ‘पेमेंट’ आहे का, ‘रक्कम’ नावाची की आहे का, असेल तर ती थेट व्हेरिएबलमध्ये घ्या, हे सगळं एका ओळीत होतं. जास्तीच्या कीज असल्या तरी अडत नाही. पूर्वी याला एकात एक तीन इफ लागायचे आणि चार महिन्यांनी आपलंच आपल्याला कळायचं नाही.

पायथन ३.१२ मध्ये एफ-स्ट्रिंगच्या (मजकुरात व्हेरिएबलची किंमत थेट बसवायची सोय) महिरपी कंसात बाहेरचंच अवतरणचिन्ह पुन्हा चालतं, हे मात्र तुम्ही छान दाखवलंत. रोजच्या कामात मला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.