वरणात लपवलेला दुधी

आमच्या इंदूरची सकाळ पोहे-जिलबीने होते आणि रात्री सराफ्यातली सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचा बाजार भरतो. अशा गावात मोजून पाच पदार्थ खाणारे मूल घरात असले, की येणारा-जाणारा प्रत्येक जण आहारतज्ज्ञ होतो. माझा नातू नऊ वर्षांचा आहे आणि स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. वरण-भात, कोरडी पोळी, दूध, साल काढलेले सफरचंद आणि एका ठरावीक कंपनीची बिस्किटे एवढेच तो खातो. "एक दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल," असे म्हणणाऱ्यांत सुरुवातीला मीही होते, हे आधीच कबूल करते.

हा सल्ला हट्टी मुलासाठी कदाचित चालत असेल. परंतु अनेक स्वमग्न व्यक्तींना भुकेची आतून मिळणारी सूचनाच पुसट असते, आणि न सोसणाऱ्या वासाचा किंवा स्पर्शाचा घास समोर आला की उरलीसुरली भूकही मरते. अशी काही मुले खरोखरच उपाशी राहतात. खाणे आरोग्यावर बेतण्याइतके आक्रसते आणि त्यामागे बारीक होण्याची इच्छा नसते, अशा स्थितीला डॉक्टर मंडळी 'एआरएफआयडी' म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानसंहितेत २०१३ साली तिची स्वतंत्र नोंद झाली. प्रत्येक स्वमग्न मुलाला ती असतेच असे नाही, पण नखरे म्हणून तिची बोळवण करता येत नाही.

आपल्या पोह्यांचेच पाहा. मऊ पोहे, वर कुरकुरीत शेव, मध्येच कच्चा कांदा, दाताखाली येणारी बडीशेप आणि वरून जीरावन हा मसाला. आपल्याला त्यात गंमत वाटते, त्याला एका घासात पाच धक्के बसतात. शिवाय शेव दोन मिनिटांत मऊ पडते, म्हणजे पहिला घास आणि शेवटचा घास सारखा नाही. बिस्किटाचे तसे नसते. ते काल होते तसेच आज असते.

आता माझी चूक. पोटात भाजी जावी म्हणून मी एके दिवशी दुधी किसून, शिजवून, वरणात घोटला. रंगात तसूभर फरक नव्हता. त्याने पहिला घास तोंडात धरला, माझ्याकडे पाहिले आणि तो ताटात परत ठेवला. त्यानंतर चार महिने त्याने वरण-भाताला हात लावला नाही. पाचांतला एक पदार्थ मी माझ्या हुशारीने घालवला होता.

म्हणून माझे ठाम मत असे, की जे खाल्ले जाते ते आधी जपावे, त्यात काहीही लपवू नये आणि पोषणाची उणीव उघडपणे, वेगळ्या मार्गाने भरावी. अगदी मोजक्या पदार्थांवर राहणाऱ्या स्वमग्न मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, तेव्हा "वजन ठीक आहे ना" एवढ्यावर समाधान मानू नये. लोह, ब-१२, ड यांची तपासणी बालरोगतज्ज्ञांना विचारून करावी. आमच्याकडे औषध वेगळ्या चमच्यात, ते काय आहे हे सांगून दिले जाते. एका परिचितांनी गहू आणि दूध बंद करण्याचा आग्रह धरला होता. त्याने स्वमग्नता कमी होते याला भक्कम पुरावा नाही, आणि आमच्या पाचांतले निदान तीन पदार्थ मात्र नक्की गेले असते!

एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्थिर बसणे अवघड जाणाऱ्या, मुलांचे गणित निराळे. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधाने दुपारची भूक मंदावते, त्यामुळे शाळेचा डबा भरलेला परत येतो. तिथे रागावण्यापेक्षा गोळीआधी पोटभर न्याहारी आणि रात्री थोडे उशिरा जेवण देणे उपयोगी पडते.

पुढच्या महिन्यात रामबागेत आमच्याकडे मुंज आहे. नातू पंगतीत बसेल, त्याचा डबा त्याच्यासोबत असेल, आणि वाढणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवले आहे की त्याच्या पानावर आग्रहाची जिलबी टाकायची नाही.