पुरुषाने अत्तर लावलं तर बिघडलं कुठे?

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या पुतण्याचा विषय चाललाय. लग्न ठरल्यावर पठ्ठ्याने फेशियल केलं, दाढी कोरून घेतली आणि चांगलं महागातलं सेंट घेतलं. काका मंडळी तुटून पडली. ‘बायकांसारखं नटायचं काय?’ यातले निम्मे दर पंधरवड्याला मिशीला कलप लावतात. तो बहुधा नटण्यात धरत नसावेत.

मी मस्कतला राहतो. इथे उलटी तऱ्हा. ओमानी पुरुषाच्या पायघोळ दिशदाशाला गळ्याशी एक बारीक गोंडा लोंबतो. शोभेचा वाटतो, पण तो असतो अत्तर लावायला. आमच्या ऑफिसातले एक वयस्क गृहस्थ मीटिंगला जाताना गोंडा चिमटीत धरतात, कुपीतली काडी त्यावरून फिरवतात आणि बोटाला उरलेलं अत्तर दाढीला पुसतात. कोणी मान वर करूनही बघत नाही. कुणाकडे जेवायला गेलं की शेवटी निखाऱ्यावर ऊद (इथे ऊद म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड) किंवा दक्षिण ओमानमधल्या धोफारचा लोबान टाकलेलं धुपाटणं फिरतं. पुरुष दाढीखाली, कपड्यांत धूर घेतात आणि उठतात. ‘ऊद फिरला की बैठक संपली’ अशा अर्थाची म्हणच आहे आखातात.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पेशव्यांच्या दरबारात अत्तर-गुलाब आणि विडे आले की निरोप समजायचा. लढाया मारून आलेले सरदार हातावर अत्तर घेऊन बाहेर पडत. कानात फाया घालून लग्नाला जाणारे आजोबा तर आमच्या पिढीनेही पाहिलेत. बरं, इथे ज्या ऊदाला एवढा मान, त्यातला काही येतो आसामातल्या होजाईहून.

काकांचं एक मात्र खरं आहे. हे सगळं बाजाराने डोक्यात भरवलंय. 2005 साली ‘फेअर अँड हँडसम’ आली आणि पुरुषांच्या काळेपणावरही धंदा सुरू झाला. त्याला नावं ठेवा, मी तुमच्या आधी ठेवीन. पण रंग उजळायची क्रीम आणि मनगटावरचं अत्तर एकाच दावणीला बांधू नका.

आणि मस्कतचं कौतुकही बेतानेच. जून ते ऑगस्ट दुपारी 12:30 ते 3:30 उघड्यावर काम करायला इथे बंदी असते, पण त्याच्या आधी आणि नंतर त्या भट्टीत उभे असतात ते बरेचसे आपल्याच देशातले. त्यांच्यापैकी कुणी लिफ्टमध्ये शिरला की नाकाला रुमाल लावणारा ओमानी मी अजून पाहिलेला नाही. रुमाल निघतो तो आपल्याच एखाद्या साहेबाच्या खिशातून, आणि त्याला परफ्यूमचा वास असतो.

पुतण्याला मी खासगीत लिहिलं, लाव बिनधास्त, फक्त बाटली उपडी करू नकोस. होमाच्या धुरात आधीच भटजी खोकत असतात.